पहाटेच्या स्वप्नात आई गाते, पण आवाज येत नाही

पहाटगाणी:
आज परत पाचच्या सुमारास जाग आली. स्वप्नात आई समोर बसून गात होती, ओठ हलतायत, हात वर जातोय, पण आवाज काहीच नाही. नंतर झोप लागेना म्हणून लिहितेय, विस्कळीत होईल.

आईला जाऊन वर्ष होत आलं. घरीच गाणं शिकवायची. पहाटे आधी ललत राग, ललतमधे पंचम (प) नाही म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला (म) उतरवायची आणि उजाडलं की तीच तार परत पंचमाला चढवून राग भैरव. तो तार चढवतानाचा आवाज आला की आम्ही भावंडं उठायचो. आता तंबोरा गवसणीत तसाच उभा आहे, शेवटचा तिनेच लावलेला, म्हणून हात लावावासा वाटत नाही. कपाटात तिच्या रियाजाच्या कॅसेट आहेत, डबाभर. रडू येईल याची भीती नाही हो, पण लावली आणि आवाज अनोळखीच वाटला तर? तुम्ही गेलेल्या माणसाचा आवाज कधी ऐकलात? आणि तंबोऱ्याच्या तारा अशाच ताणलेल्या ठेवल्या तर चालतं का?

कोमलरिषभ:
ताई, वाचून गलबलून आलं. आमचे बाबा सकाळी भीमसेनजींची तोडी लावून दाढी करायचे, ते गेल्यावर मी तोडी सुरू झाली की बंद करायचो. मग एकदा मित्राकडे लागली होती, तिथे बंद कशी करणार, पूर्ण ऐकली, आणि तेव्हापासून ऐकतो. ठरवून नाही जमलं मला.
स्वप्नाचं म्हणाल तर आपल्याला सगळ्यात जास्त स्वप्नं पडतात तो झोपेचा टप्पा पहाटेकडे लांबत जातो, त्यातनं जाग आली की स्वप्न आठवतं. त्यामुळे आई पहाटेच येणार. तिची गायची वेळही तीच ना. घाई करू नका एवढंच सांगेन.

टेपवाला:
घाई करू नका हे मला पटत नाही. ऐकायची घाई नको, पण कॉपी करायची हवीच. पावसाळ्यात टेपला बुरशी धरते, आतला छोटा फेल्टचा तुकडा निघून पडतो, आणि एकदा टेप तुटली की तेवढं गाणं गेलं. चांगल्या कॅसेट डेकच्या लाइन-आउटमधून लॅपटॉपला जोडा आणि वेव फाइल करा, एमपीथ्री नको. आवाज बंद ठेवूनही कॉपी होते, तेव्हा ऐकावंच लागत नाही.
आणि अनोळखी वाटेल म्हणताय त्याचं एक साधं कारण असू शकतं. डेकचा बेल्ट सैल झाला की टेप सावकाश फिरते, सूर उतरतो, बाईचा आवाज जड येतो. आईची पट्टी, म्हणजे गायचा सा, कुठली होती? टेपमधला तंबोरा पेटीशी ताडून बघा, उतरलेला असेल तर कॉम्प्युटरवर स्पीड दुरुस्त करता येतो. पट्टी जुळल्याशिवाय आवाजाबद्दल काही ठरवू नका प्लीज.

मिरजेचा:
तंबोऱ्याबद्दल. आईंनी लावलेला सूर त्यात आता राहिलेला नसणार, हे वाईट वाटेल पण खरं आहे. लाकूड हवेबरोबर फुगतं-आकसतं, तारा आपोआप उतरतात. तेव्हा हात लावायला घाबरू नका. बराच काळ वाजणार नसेल तर खुंट्या थोड्या सैल करा, पूर्ण सोडू नका, आणि भोपळा ओलीपासून लांब ठेवा. पण खरं तर वाजता ठेवा. आईंच्या शिष्या असतील ना जवळपास, त्यातल्या कुणाला तरी पहाटे बोलवा.

पहाटगाणी:
पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, सकाळपासून तेच घोळतंय. एक शिष्या दोन गल्ल्या सोडून राहते, तिला फोन केला, ती फोनवर बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली रविवारी येते. मामाकडे डेक आहे. डब्यात सी-६० आणि सी-९०, म्हणजे साठ आणि नव्वद मिनिटांच्या, दोन्ही आहेत, आधी कुठली लावू?

टेपवाला:
आधी आईची कुठलीच नाही. सिनेमाच्या गाण्यांची एखादी जुनी, गेली तरी चालेल अशी लावून डेक तपासा, हेड साफ करून घ्या. मग सी-६०. सी-९० ची टेप पातळ असते, पटकन गुंतते, ती शेवटी, आणि मधेमधे रिवाइंड करू नका, एक बाजू सलग संपू द्या.