मदत हवी आहे: ऑरालक्समध्ये दर वेळी तिसराच रंग का जिंकतो?

नमस्कार मंडळी,

नाशिकला अंबडच्या एका शॉपमध्ये सीएनसी मशीनवर आहे. सेकंड शिफ्ट करून सिडकोत घरी यायला बारा वाजतात. जेवण उरकतं, पण कानात मशीन चालूच असते, झोप येत नाही. पुतण्याला हे सांगितलं तर त्याने फोनवर 'ऑरालक्स' हा गेम टाकून दिला. म्हणाला, "काका, यात गोळ्या नाहीत, रक्त नाही, शांत वाटेल." तीन आठवडे झाले. शांत काही वाटत नाही, कारण मी रोज हरतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळा पडदा, त्यावर विखुरलेले चमकते ग्रह. आपला रंग निळा. ग्रह संगीताच्या ठेक्यावर धडधडतो आणि एकेक ठिपका बाहेर टाकत राहतो. ठिपक्यांचा घोळका बोटाने घेरायचा आणि जायचं तिथे बोट टेकवायचं. बस्स, एवढंच. खाणी नाहीत, कारखाने नाहीत, दहा प्रकारचे सैनिक नाहीत. आपला एक ठिपका समोरच्या एकाला घेऊन मरतो. रिकाम्या ग्रहात ठिपके ओतले की तो आपला होतो. आपल्याच मोठ्या ग्रहात ओतले तर त्याची पातळी वाढते आणि तो जास्त ठिपके द्यायला लागतो. ई. मॅकनील या माणसाने २०११ मध्ये हा पीसीसाठी केला, फोनवर नंतर आला.

आता अडचण. तिघांचा डाव असला की माझं गणित सुरुवातीला बरोबर असतं. तीन-चार ग्रह घेतो, भलामोठा निळा थवा जमवतो आणि शेजारच्या हिरव्यावर सोडतो. तो थवा जाताना इतका सुंदर दिसतो की काय सांगू, कार्तिकी पौर्णिमेला रामकुंडात दिवे सोडल्यासारखा! हिरवा पडतोही. आणि मी हुश्श करेपर्यंत नारिंगी रंग आरामात येऊन माझे तीनही ग्रह घेऊन जातो. काल रात्री हेच चार वेळा झालं. शेवटी बायको उठून म्हणाली, "कोण आहे तो नारिंगी, त्याला फोन लावून देऊ का?"

तर सांगा, माझं चुकतं कुठे? आधी ग्रहांची पातळी वाढवू का आधी जास्त ग्रह घेऊ? आणि दुसरं म्हणजे, पुढच्या डावांसाठी पैसे मोजावे इतका हा गेम पुढे रंगतो का? पुतण्याचे मित्र म्हणतात फारच संथ आहे, दोन दिवसांत कंटाळा येतो. खेळलेल्यांचं खरं मत हवं आहे. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १ (दिंडोरीकर)

भाऊ, आमची द्राक्षबाग आहे, त्यामुळे त्याच भाषेत सांगतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी केली की आम्ही वेलीकडे घड मागत नाही. तेव्हा काडी तयार करायची असते, सूक्ष्म घडनिर्मिती त्याच काळात होते. माल धरायचा तो ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. तुम्ही एप्रिलमध्येच क्रेट घेऊन बागेत उतरताय. आधी घरचा ग्रह वाढवा, मग शेजारी बघा.

प्रतिसाद २ (गणिताचा मास्तर)

दिंडोरीकरांचं अर्धंच पटलं. पातळी वाढवायलाही ठिपके खर्ची पडतात आणि तेवढा वेळ तुम्ही उघडे असता. शत्रूच्या तोंडावरचा ग्रह वाढवत बसलात तर त्याच्यासाठीच माळ ओवून ठेवल्यासारखं होईल. कोपऱ्यातला, मागचा ग्रह आधी वाढवा.

पण मूळ चूक वेगळीच दिसते. १९१६ मध्ये लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने लढाईचं गणित मांडलं होतं. जिथे सगळे मिळून एकावर नेम धरू शकतात, तिथे ताकद संख्येच्या वर्गाने मोजायची. म्हणजे १०० विरुद्ध ८० असेल तर १०० चा वर्ग वजा ८० चा वर्ग, ३६००, त्याचं वर्गमूळ ६०. मोठ्या सैन्याचे तब्बल ६० वाचतात. बहुतेक युद्धाच्या गेममध्ये थोडंफार असंच चालतं, म्हणून तिथे मोठा जमाव करून धडकणं फायद्याचं असतं.

ऑरालक्समध्ये एकास एक मरतो. १०० विरुद्ध ८० म्हणजे उरले २०, संपलं. मोठ्या थव्याला वेगळं बक्षीस काहीच नाही. तुम्ही हिरव्याचे ८० मारलेत ते स्वतःचे ८० देऊन. बाजूला बसलेल्या नारिंगीने एकही ठिपका न गमावता दोघांचे मिळून १६० संपताना पाहिले. तो हुशार आहे असं नाही, तुम्हीच त्याला रोज बसल्या जागी जेवण पोचवताय.

धागाकर्ता

मास्तर, जेवण पोचवणं अगदी वर्मी लागलं. पण मग हल्ला करायचाच नाही का? पुण्य मिळवायला थोडीच खेळतोय!

प्रतिसाद ३ (गणिताचा मास्तर)

करायचा, पण ते दोघं भिडल्यावर. आणि अंतर बघून. हा हिशोब कागदावर करा: समजा समोरचा ग्रह सेकंदाला ३ ठिपके करतो आणि तुमच्या थव्याला तिथे पोचायला ४० सेकंद लागतात. निघताना तिथे ८० दिसले. पोचेपर्यंत त्यात १२० ची भर पडून २०० झालेले असणार. तुम्ही १५० घेऊन निघालात आणि वाटलं की दुपटीच्या जवळ आहोत! ठिपके मुंग्यांच्या चालीने जातात, तेव्हा या गेममध्ये लांबचा हल्ला हा जवळपास नेहमीच तोट्याचा. शेजारचाच घ्या, आणि निघताना घरी निम्मे तरी ठेवा. सगळे पाठवता ना तुम्ही?

धागाकर्ता

हो. बोट गोल फिरवलं की सगळेच येतात हातात.

प्रतिसाद ४ (गणिताचा मास्तर)

छोटा गोल काढा.

प्रतिसाद ५ (जुना लिनक्सवाला)

मताचं विचारलंत म्हणून लिहितो. या घराण्यातले बरेच गेम खेळलोय. आमच्या वेळी लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपबरोबर 'कॉन्क्वेस्ट' यायचा. आळीपाळीने खेळायचा, ग्रहांवर नुसते आकडे. प्रत्येक ग्रहाचं उत्पादन वेगळं आणि मारकशक्तीची टक्केवारीही वेगळी, त्यामुळे कमी जहाजांचा ग्रह जास्त जहाजांना पुरून उरायचा. ऑरालक्समध्ये ती गंमत नाही. त्यानंतर 'गॅलकॉन'. २००८ मध्ये आयफोनवर आला, हीच कल्पना पण धावती, दोन-तीन मिनिटांत डाव खल्लास. 'युफ्लोरिया' २००९ चा, लघुग्रहांवर झाडं लावायची आणि त्यांची बियाणं लढायला पाठवायची. दिसायला या सगळ्यांत देखणा तोच.

संथपणाची तक्रार खरी आहे. पण चाल मुद्दामच संथ ठेवली आहे, बोटांची चपळाई नको, विचार हवा, म्हणून. मला ते आवडतं. जे आवडत नाही ते सांगतो: एकदा पारडं आपल्या बाजूला झुकलं की निकाल ठरलेला असतो, तरी उरलेले ग्रह एकेक करून पुसत बसावे लागतात. लग्न लागून पंगती उठल्या आणि आपण मात्र सतरंज्या गोळा करतोय. वेगवान मोड आहे, तेवढ्यापुरता लावा.

प्रतिसाद ६ (कॉलेज रोड)

बोअर आहे. सरळ सांगतो. माणसं समोर असतील तरच असल्या गेमला अर्थ. आम्ही पाच मित्र 'नेपच्यून्स प्राइड' खेळलो, २०१० पासून आहे, ब्राउझरमध्ये चालतो. ताफा पोचायला खऱ्या घड्याळाचे तासन् तास लागतात, डाव आठवडेच्या आठवडे चालतो. रात्री तह करून झोपायचं आणि सकाळी उठलं की तोच मित्र दारात. एकाशी अजून नीट बोलत नाही मी.

प्रतिसाद ७ (दिंडोरीकर)

मग तो संथ नाही का? ताफा रात्रभर चालतो म्हणताय.

प्रतिसाद ८ (कॉलेज रोड)

तो संथ नाही, त्यात झोप उडते.

प्रतिसाद ९ (जुना लिनक्सवाला)

धागाकर्त्याला झोप हवी आहे हे विसरू नका लोकहो. त्यांना नेपच्यून सुचवणं म्हणजे पित्त झालेल्याला नाशिकची मिसळ.

पैशाबद्दल: फुकटचे डाव आधी सगळे संपवा. ते संपल्यावरही हात शिवशिवला तरच पुढचे घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. रविवारची सुट्टी होती, मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे छोटा गोल काढून खेळलो. मागचा ग्रह वाढवला, निम्मे घरी ठेवले, हिरवा आणि नारिंगी भिडायची वाट बघितली. पहिला डाव जिंकलो! दुसऱ्यात ते भिडेचनात, मला दम निघेना, मीच गेलो आणि पुन्हा तेच. तिसरा बरोबरीत चालला होता तेवढ्यात मुंबई नाक्याला जायचं निघालं.

पण खरी बातमी पुढे आहे. संध्याकाळी बायको म्हणाली, बघू तरी तुमचा नारिंगी. दोन ग्रह घेतले तिने, एक वाढवला आणि गॅसवर दूध होतं म्हणून फोन ओट्यावर ठेवून गेली. दूध उतू गेलं, ओटा पुसला, आईंचा फोन आला, त्यात दहा मिनिटं. परत बघते तर हिरव्याची वाताहत, नारिंगी फाटका झालेला आणि हिच्या ग्रहाभोवती निळ्या ठिपक्यांची ही गर्दी. एका झटक्यात नारिंगीही गेला.

आता विचारतेय की एवढ्यासाठी तीन आठवडे जागत होतात का. मास्तर, यावर काही सूत्र असेल तर लवकर कळवा. आणि पुढचे डाव विकत घ्यायचे ठरले आहेत, फोन मात्र तिचा वापरायचा आहे.