मदत हवी आहे: जुन्या वनस्पतिपुस्तकांत सापडलेली वाळकी पानं काढावीत की राहू द्यावीत?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं मी वनस्पतींवरची जुनी पुस्तकं जमवते आहे. अभ्यासकांसाठीचे जाडजूड ग्रंथ नव्हेत. सर्वसामान्य वाचकाला झाडाफुलांची ओळख व्हावी म्हणून लिहिलेली, साधारण १७९० ते १९०० या काळातली पुस्तकं. प्रिसिला वेकफील्ड यांनी १७९६ साली एका बहिणीने दुसरीला लिहिलेल्या पत्रांतून स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसची वर्गीकरणपद्धती समजावली. जेन मार्सेट यांनी १८२९ मध्ये संवादांतून वनस्पतींच्या शरीरात काय चालतं ते सांगितलं. अमेरिकेत एसा ग्रे यांनी १८५८ मध्ये मुलांसाठी आणि साध्या शाळांसाठी पुस्तक लिहिलं. ही सगळी माझ्या आवडीची मंडळी.

ही पुस्तकं कपाटात मिरवायला नव्हतीच. लोक ती घेऊन रानात जायचे, झाड समोर ठेवून पान उलटायचे. त्यामुळे कोरी करकरीत प्रत मिळाली की मला थोडं वाईटच वाटतं. पेन्सिलीच्या खुणा, मातीचा डाग, समासात दुरुस्त केलेलं नाव, हे सगळं मला पुस्तकाचाच भाग वाटतं. माझा मुख्य प्रश्न इथूनच सुरू होतो.

माझ्याकडे नेच्यांवरचं (फर्नवरचं) एक छोटं पुस्तक आहे, १८५० च्या दशकातलं. तेव्हा ब्रिटनमध्ये नेचे गोळा करण्याचं अक्षरशः वेड होतं. पुस्तकाच्या आधीच्या मालकाने ज्या जातीचं वर्णन आहे त्याच पानात त्या जातीचं एकेक पान दाबून ठेवलंय. पाठीवरचे बीजाणूंचे ठिपके अजून शाबूत आहेत आणि शिवणीत तपकिरी भुकटी साठली आहे. समोरच्या पानावर नेच्याची सावली उमटली आहे, इतकी स्पष्ट की एकेक दल मोजता येतं. बाजूला पेन्सिलीने ठिकाण आणि महिना.

सल्ला सगळीकडून एकच मिळतो: काढून टाका. कारणं मला पटतात. वाळक्या पानातलं आम्ल कागदात उतरतं, ओल धरली तर बुरशी येते, कसर लागते, आणि जाडीमुळे पुस्तकाच्या कण्यावर, म्हणजे पानं जिथे बांधलेली असतात त्या कडेवर, ताण येतो. पण पान काढून पाकिटात घातलं की ते नुसतं वाळकं पान उरतं. कुणीतरी पुस्तक वाचलं, बाहेर जाऊन तीच जात ओळखली आणि परत येऊन तिथेच ठेवली, हे सगळं ते त्या जागी असण्यातच आहे. मला ते मोडायचं नाही.

दोन वाटा दिसतात. एक, प्रत्येक नेच्याच्या दोन्ही बाजूंना आम्लरहित पातळ कागद घालून त्याला जागीच राहू द्यायचं. दुसरी, आधी फोटो काढून, पान क्रमांक लिहून, आम्लरहित पाकिटांत घालून पुस्तकासोबत एकाच पेटीत ठेवायचं. पहिल्या वाटेने पुस्तक आणखी फुगेल, ही धास्ती आहे. कुणी यातलं काही करून पाहिलं असेल तर काही वर्षांनी कण्याची अवस्था काय झाली, ते सांगा. शिवाय ठिकाण आणि महिना लिहिलेला असल्यामुळे एखाद्या हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाला) हे नमुने बघावेसे वाटतील का? हर्बेरियममधल्या नमुन्यांना कीड लागू नये म्हणून पूर्वी मर्क्युरिक क्लोराइड लावत, ते विषारी असतं. घरी दाबलेल्या पानांनाही लोक तसं काही लावत असत का?

दुसरी शंका रंगांची. यातली बरीच पुस्तकं साधी आणि रंगीत अशा दोन्ही प्रकारांत विकली जायची, आणि साधी प्रत घेऊन घरी रंगवणारेही होते. भिंगाखाली छापील रंग आणि हाताने दिलेला रंग ओळखता येतो: हातच्या रंगात कडेला रंग साचलेला दिसतो, कुठे रेघेबाहेर गेलेला असतो. पण हात प्रकाशकाच्या रंगाऱ्याचा की मालकाचा, हे कसं ठरवायचं? मी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयातल्या प्रतींशी ताडून बघते. रंगारी एका नमुन्यावरून काम करत, त्यामुळे दोन-तीन प्रतींत छटा जुळल्या तर काम प्रकाशकाकडचं, असं मी धरते. समोरच्या पानावर रंगाचा ठसा उमटला असेल किंवा तांब्याच्या हिरव्या रंगाने कागद मागून तपकिरी पडला असेल, तर निदान रंग जुना आहे एवढं कळतं. सुटी चित्रं चढ्या भावाने जावीत म्हणून अलीकडे रंगवलेली पानंही बाजारात येतात, म्हणून विचारते. (पुस्तकं फाडून काढलेली चित्रं मी घेत नाही. फ्रेममध्ये कितीही छान दिसली तरी त्या प्रत्येकामागे एक मोडलेलं पुस्तक असतं.)

भडक हिरव्या कापडी बांधणीची एक प्रतही आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अशा कापडांत एमराल्ड ग्रीन हा आर्सेनिकयुक्त हिरवा रंग सापडतो; अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालय आणि डेलावेअर विद्यापीठाने २०१९ पासून अशा पुस्तकांची नोंद ठेवायला घेतली आहे. तूर्त ती बंद पिशवीत वेगळी ठेवली आहे आणि हातमोजे घालूनच उघडते. घरी ठेवणारे आणखी काय काळजी घेतात?

शेवटचं, रबरी बांधणीबद्दल. विल्यम हॅनकॉक यांनी १८३६ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत पानं शिवत नसत, कण्याकडे रबराने चिकटवत. ते रबर आता कोरडं पडून त्याचा भुगा होतो आणि पुस्तक उघडताच पानं हातात येतात. माझ्या एका सचित्र प्रतीचं तसंच झालं आहे. यादीशी ताडून पाहिलं, चित्रं सगळी आहेत. नव्याने शिवायची तर शिवणीसाठी आतल्या कडेचा समास खर्ची पडणार, आणि काही चित्रं अगदी तिथवर पोचलेली आहेत. अशी प्रत कुणी बांधून घेतली आहे का, की सुट्या पानांनिशी पेटीतच ठेवलेली बरी?

फोटो हवे असतील तर सांगा, टाकते. नेच्यांच्या पुस्तकाला तोवर हात लावत नाही.