ऑनलाइन खेळाचे जुने भाग न खेळता पुढे जाणाऱ्याला खेळाडू म्हणायचे की नाही?

निशाचर : जुनाजाणता, जुने भाग वगळण्यासाठी पैसे मोजणारा माणूस खेळाडूच नव्हे, असे तुम्ही काल लिहिलेत. ते वाचून मला राग आला, म्हणून सविस्तर लिहितो. तीन मित्रांसोबत खेळता यावे, एवढ्याच इच्छेने मी एका ऑनलाइन खेळात शिरलो. पण तेथे मुख्य कथा पूर्ण केल्याखेरीज पुढच्या एक्स्पान्शनमध्ये, म्हणजे खेळाला नंतर जोडलेल्या नव्या भागात, पाऊल ठेवता येत नव्हते आणि मला रात्री जेमतेम एक तास मिळत असे. आठ महिने मी एकट्याने क्वेस्ट, म्हणजे खेळाने नेमून दिलेली कामे, उरकत राहिलो. मी मित्रांपर्यंत पोहोचलो तेव्हा तिघांपैकी दोघांनी तो खेळ सोडला होता. ते आठ महिने मला कोणी परत देणार आहे का?

जुनाजाणता : तुमच्याविषयी सहानुभूती आहे, पण माझे मत बदललेले नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाने २०१४ मध्ये नव्या एक्स्पान्शनसोबत एक पात्र थेट ९० व्या लेव्हलला नेण्याची सोय दिली आणि तीच सोय स्वतंत्रपणे ६० डॉलरना विकायलाही काढली. त्या काळात आमच्या गटात आलेल्या एका हीलरला, म्हणजे साथीदारांच्या जखमा बऱ्या करणाऱ्या खेळाडूला, कोणते मंत्र केव्हा वापरायचे हेच ठाऊक नव्हते, त्यामुळे आम्ही सगळे एकाच डंजनमध्ये, म्हणजे गटाने मिळून पार करायच्या शत्रूंच्या तळात, पुन्हा पुन्हा मरत राहिलो. खालच्या लेव्हलचे डंजन हीच हीलरची शाळा असते, आणि ती चुकवणाऱ्याची किंमत गटातील उरलेल्या चौघांना मोजावी लागते.

अर्धविराम : तुम्ही दोघेही मूळ दुखणे सोडून बोलत आहात. वगळण्याची मुभा असली तरी जुना भाग जागेवर राहतो. खरा अन्याय तो काढून टाकण्यात आहे. डेस्टिनी २ या खेळातून नोव्हेंबर २०२० मध्ये ‘रेड वॉर’ ही पहिली मोहीमच काढली गेली. ज्यांनी ती विकत घेतली होती, त्यांनाही ती पुन्हा खेळता येईना.

जुनाजाणता : हा विषय वेगळा आहे.

अर्धविराम : वेगळा मुळीच नाही. बहुतेक लोक जुना भाग ओलांडून जाऊ लागले की तो सांभाळण्याचा खर्च कंपनीला जड वाटू लागतो, आणि मग नव्या माणसाला कथेचा आरंभ व्हिडिओवर पाहावा लागतो. कथेची सुरुवातच नाहीशी झालेल्या खेळात नवा माणूस कशासाठी रमेल, हे मला कोणी सांगावे.

निशाचर : मग दोष कंपनीचा आहे, तो माझ्यासारख्या वेळ नसलेल्या माणसाच्या माथी कशाला मारता? शिवाय तिसरा मार्गही आहे. फायनल फँटसी १४ ने २०२० मध्ये मूळ कथेतील पुष्कळ क्वेस्ट कमी केल्या, पण कथा तशीच ठेवली. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनने तर २०१६ मध्येच खेळाडूची ताकद सगळीकडच्या शत्रूंच्या तोलाची करून कोणताही प्रदेश कोणत्याही क्रमाने खेळण्याची मोकळीक दिली. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी मित्रांसोबत हिंडता येते आणि कोणाचेही काही बिघडत नाही.

जुनाजाणता : बिघडते. सगळे शत्रू आपल्याच तोलाचे असले की वर चढल्याचे समाधान उरत नाही. तरीही क्वेस्ट छाटण्याविषयीचे तुमचे म्हणणे मी मान्य करतो, कारण निरोप पोहोचवण्यासाठी तीनदा तीच वाट तुडवण्यात शिकण्यासारखे काही नसते. मात्र वगळण्याची सोय पैशांना विकायला माझा विरोध कायम आहे. जुना भाग कंटाळवाणा राहण्यातच ज्याचा फायदा आहे, तो विक्रेता तो भाग का सुधारेल?

निशाचर : हे तुम्ही आधी म्हणाला असतात, तर मी इतका चिडलो नसतो. मग ती सोय फुकट द्यावी, म्हणजे तुमचाही आक्षेप राहणार नाही.

जुनाजाणता : फुकट द्यावी, पण एक पात्र शेवटपर्यंत नेलेल्यालाच. पहिल्या पात्राला नव्हे.

निशाचर : म्हणजे माझे आठ महिने पुन्हा तेथेच गेले.