सायकल बाजूला ठेवल्यावरचा छंद सायकलच्याच कामाचा कशाला हवा?

वर्तकनगरची_सायकल

जून लागला की आपल्याकडचे बरेच जण सायकल घरात घेतात. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, येऊरच्या रस्त्यावर झाडांखाली शेवाळ धरतं, ब्रेक दाबला तरी चाक सरकतं. या दिवसांत कोण काय करतं, असं ओळखीच्या सायकलवाल्यांना विचारत होते. उत्तरं ऐकून वाईट वाटलं. पाठ मजबूत व्हावी म्हणून योगासनं. दम वाढावा म्हणून पोहणं. मांड्यांसाठी जिम. नाहीतर हॉलमध्ये ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर, सायकल चढवून स्क्रीनवरचे परदेशी घाट. एकाने वाचन सांगितलं म्हणून आनंद झाला, तर पुस्तकंही ट्रेनिंगचीच.

माझं मत असं, की सायकलवरून उतरल्यावर जो छंद जोपासायचा, त्याचा सायकलला काडीचा उपयोग नसावा. नोकरीत दिवसभर आपलं मोजमाप होतं. सायकलही आता मोजमापात गेली: वेग, हृदयाचे ठोके, चढाईचे मीटर, स्ट्राव्हा ॲपवर कोण पुढे. तिसरी एखादी गोष्ट तरी अशी हवी, जिच्यात कोणी पुढे-मागे नाही.

मी फुलपाखरं बघते. सुरुवात गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीपासून झाली. पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी होतं आणि ते हललं. कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी. लहान असताना ती तशीच दिसते, त्यामुळे पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. मोठी झाली की हिरवी होते, आणि बोट लावलं तर डोक्यामागून लाल दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. मग ओवळ्याला, ओवळेकर वाडीत जायला लागले. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, २०१५ साली जाहीर झालेलं. ते लिंबू-बेलाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं, हे कळल्यापासून कुठल्याही सोसायटीतलं लिंबाचं झाड मी उलटंपालटं करून पाहते. यामुळे येऊरच्या चढावर माझा एक सेकंदही वाचलेला नाही, आणि मला तो वाचवायचाही नाही.

विरोध असेल तर कारणासकट लिहा.

आऊट_काढणारा

ताई, विरोध आहे. 'सायकलच्या कामाचा' म्हटलं की तो छंद खालच्या दर्जाचा, हे कुठून आलं?

पावसाळ्यात मी चाकं बांधतो. रिम (बाहेरचं कडं), हब (मधला तुंबा) आणि ३२ तारा सुट्या आणायच्या आणि चाक उभं करायचं. निम्म्या तारा हबच्या डाव्या बाजूला, निम्म्या उजव्या. रिम डावीकडे झुकली असेल तर त्या जागी उजवीकडची तार ताणायची, डावीकडची तेवढीच सैल करायची. चावीचा पाव फेरा, त्यापुढे नाही. जास्त ओढलं तर एका जागचा आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, निघतो आणि शेजारी नवीन तयार होतो. ताण सारखा झालाय का ते मी तारा बोटाने छेडून ऐकतो. एका बाजूच्या सगळ्या तारांचा आवाज जुळला की चाक जमलं. एका चाकावर अख्खी संध्याकाळ जाते, बाहेर पाऊस कोसळत असतो, आणि तेवढा वेळ मला दुसरं काही सुचत नाही. तुम्हाला अळीत जे मिळतं ते हेच ना?

स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री या सायकलपटूने १९९३ साली एका तासात ५१.५९६ किलोमीटरचा विश्वविक्रम केला, तो स्वतः बनवलेल्या सायकलवर. तिच्यात वॉशिंग मशीनचे बेअरिंग होते. त्याच्या वर्कशॉपला तुम्ही छंद म्हणणार की ट्रेनिंग?

खारघरची_फिजिओ

मी ताईंच्या विरोधात, पण कारण वेगळं.

सायकलवर शरीराचं वजन सीटवर असतं. चालताना, धावताना हाडांना जो भार मिळतो तो इथे मिळत नाही. वर्षानुवर्षं फक्त रोड सायकलिंग करणाऱ्यांत कमरेच्या मणक्यांची घनता कमी आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. स्नायूंचंही तसंच. पेडल मारताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. डोंगर उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो. हे काम सायकलवर जवळजवळ होतच नाही. म्हणून लांब पल्ल्याच्या राइड करणारे तगडे लोक आसनगावचा माहुली किल्ला चढतात झपाझप, उतरताना मात्र पाय लटपटतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतात. असे लोक माझ्याकडे येतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. ज्याला ट्रेक आवडतो, वजन उचलायला आवडतं, त्याने तो छंद 'उपयोगी' आहे म्हणून टाकून द्यायचा का? कुंडीजवळ उभं राहून हाडं घट्ट होत नाहीत.

वर्तकनगरची_सायकल

आऊट_काढणारा दादा, तारा छेडून ऐकण्याबद्दल वाचून मलाच चाक बांधावंसं वाटलं. एक विचारते. ते चाक कुणाच्याच सायकलला लागणार नसतं, तरी बांधलं असतं का? उत्तर 'हो' असेल तर आपण एकाच बाजूचे आहोत.

डॉक्टर, तुमचं सगळं मान्य आणि वजनं मीही उचलते. पण आठवड्यातून दोनदा, वेळ लावून, मनात असो-नसो. हे औषध झालं. याला छंद म्हटलं की छंदाची जागा भरली असं वाटतं आणि ती रिकामीच राहते. माझी तक्रार नेमकी इथे आहे. माझे ओळखीचे लोक व्यायामाला छंद म्हणतात आणि गुडघा दुखावून सहा आठवडे घरी बसले की त्यांना काहीच करायला उरत नाही.

कळव्याहून_उभा

ताई, हे सगळं ज्यांना वेळ आहे त्यांचं बोलणं आहे. मी रोज सीएसएमटीला जातो. जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये. सायकलला रविवारची पहाट मिळते, तीही घरच्यांनी समजून घेतलं म्हणून. आता दुसरा छंद, आणि तोही बिनकामाचा, त्यासाठी वेळ कुणाकडून मागू? योगासनं केली तर पाठदुखी कमी होते, राइड चांगली होते, एकात दोन कामं. थोडा वेळ असणाऱ्या माणसाने असंच निवडायला हवं.

कोणी 'लोकलमध्ये वाचा' म्हणायच्या आधीच सांगतो, कळव्याला गाडीत शिरल्यावर एक हात वरच्या कडीला आणि दुसरा बॅगेला असतो. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा, १८९३ पासून चालू असलेल्या, मी सभासद होतो. पुस्तकं न वाचताच परत जायची, म्हणून सोडलं.

ठेका_तीनताल

मी वाशीला राहतो, तबला शिकतो. सायकल आणि तबला यांचं माझ्या हातात रोज भांडण चालतं, ते सांगतो.

'ना' हा बोल वाजवताना तर्जनी चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, पडते आणि अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला टेकलेली असते. ती नीट टेकली नाही तर आवाज मोकळा राहतो, 'ना'ची धार जाते. आता लांब राइडमध्ये हँडलवर तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूवर भार येतो. तिथून जाणारी नस दबते. ती नस करंगळी आणि अर्ध्या अनामिकेची. बोर घाट करून आलो की संध्याकाळी अनामिका बधिर. गुरुजी डोळे मिटून ऐकत असतात, ते लगेच म्हणतात, "आज सायकल झालेली दिसतेय."

मग मी हँडल वर उचललं, जाड टेप गुंडाळली, दर थोड्या वेळाने पकड बदलायची सवय लावली. वेग कमी झाला, कारण वाऱ्याला अंग जास्त लागतं. माझ्याकडे सायकलनेच तबल्याची चाकरी केली. ताईंच्या मताला माझा पाठिंबा याच कारणाने. दुसरा छंद एवढा जोरकस असावा की त्याच्यासाठी सायकलला हात लावावासा वाटावा.

निव्वळ_विश्रांती

कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. काही न करणं हाही पर्याय आहे. राइड नसते तेव्हा मी झोपतो, तलावपाळीला चक्कर मारतो, भेळ खातो. शरीर विश्रांतीतच घडतं. नसत्या छंदांनी मोठमोठ्यांचं नुकसान झालंय. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँ १९८७ च्या एप्रिलमध्ये शिकारीला गेला आणि अपघाताने सोबतच्याच्या बंदुकीचे छर्रे अंगात गेले. १९८९ ची टूर द फ्रान्स शर्यत त्याने आठ सेकंदांनी जिंकली खरी, पण मधली दोन वर्षं गेली. इटलीचा सायकलपटू फाउस्टो कोप्पी १९५९ च्या डिसेंबरात आफ्रिकेत गेला, राइडबरोबर शिकारही केली, मलेरिया घेऊन परतला आणि २ जानेवारी १९६० ला वारला. वय अवघं ४०.

वर्तकनगरची_सायकल

दादा, तलावपाळीची चक्कर आणि भेळ मला पूर्ण मंजूर आहे, तिचा सायकलला काही उपयोग नाही! पण ही दोन उदाहरणं छंदाविरुद्धची नाहीत. एकात बंदूक आहे, दुसऱ्यात वेळेवर न ओळखलेला मलेरिया.

कळव्याहून_उभा, तुमच्या वेळेच्या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की थोडा वेळ असलेल्या माणसाने तो सगळाच उपयोगात घालवावा, हे मला पटत नाही. उरलेल्या दहा मिनिटांवर त्याचा हक्क जास्त आहे.

घरी_असणारी

मी सायकल चालवत नाही. नवरा ब्रेव्हे करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. चाळीस तास म्हणजे शनिवार, रविवार आणि मधली रात्र. त्याच्या आधी तयारी, नंतर झोप. आणि इथे चर्चा काय, तर सायकल नसताना 'स्वतःसाठी' आणखी काय करावं.

फुलपाखरं असोत की चाकं, माझी एकच अट आहे. त्या छंदात घरातलं दुसरं माणूस मावलं पाहिजे. आमची मुलगी आठ वर्षांची आहे. ट्रेनर सुरू झाला की तिला टीव्ही बंद करायला सांगतात. ट्रेनरला माझा विरोध आहे तो एवढ्यासाठीच.

सीवूड्स_पहाट

वहिनी, तुमच्या अटीत बसणारी गोष्ट आमच्याकडे आहे. मी रोहित बघतो, फ्लेमिंगो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलं. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात पसरतात, चोच उलटी धरून पाण्यातून सूक्ष्म शेवाळ गाळून खातात. भरतीला चिखल बुडतो, मग थवेच्या थवे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीवर येतात. म्हणून जवळून बघायचे तर भरती गाठायची. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कॅलेंडर हाताशी लागतं. मुलं एकदा आली की पुढच्या वेळी स्वतःच भरतीची वेळ विचारतात. नोव्हेंबरपासून मेपर्यंत आणा.

पण ताई, तुमचं 'काडीचा उपयोग नको' मला मान्य नाही. मी पाणथळीवर जातो ते सायकलवरूनच. पाम बीच रोडवर गाडी थांबवायला जागा नाही, आणि मोटारीतून पक्ष्यांचा आवाज ऐकू येत नाही. पक्ष्यांमुळे सायकल वाढली, सायकलमुळे पक्षी. दोन्ही वेगळे काढायचा हट्ट कशाला? दुसरं म्हणजे, मोजमाप नको म्हणता, पण पक्षीवाले आणि फुलपाखरूवाले तर मोजतच असतात. याद्या, नोंदी, कुणाला कोणती जात आधी दिसली. तिथेही पुढे-मागे असतंच की.

आऊट_काढणारा

सीवूड्स दादांनी नेमकं पकडलं. ताईंच्या प्रश्नाचं उत्तरही देतो. हो, कुणाला लागणार नसतं तरी बांधलं असतं. भिंतीवर दोन चाकं तशीच टांगलेली आहेत, त्यातल्या एकाच्या मापाची फ्रेम आता मिळतही नाही. पण म्हणून पहिल्या पोस्टमधलं वाक्य बदला. 'उपयोग नसावा' च्या जागी 'उपयोगासाठी नसावा' करा, मग माझा विरोध संपला.

खारघरची_फिजिओ

माझा विरोध त्यानेही संपत नाही. 'औषध' म्हणून सांगितलेले व्यायाम लोक तीन आठवड्यांत सोडतात, हे मी रोज बघते. ज्यांना ट्रेकची गोडी लागली तेच टिकतात. उपयोगी गोष्टीची आवड लावून घेणं यात कमीपणा काय? उलट ताईंच्या वाटेने गेलं तर व्यायाम कायम कडू गोळी राहणार.

वर्तकनगरची_सायकल

याद्या मीही ठेवते, सीवूड्स दादा. कुठल्या झाडावर कुठली अळी, एवढंच लिहिते. वही कुणाला दाखवत नाही, त्यामुळे पुढे-मागे व्हायला कोणी नाही.

डॉक्टर, तुमच्या म्हणण्यात जोर आहे आणि ज्यांना ट्रेकने हाडं-स्नायू सांभाळता येतात त्यांनी जरूर सांभाळावेत. पण वाक्य मी बदलत नाही. 'उपयोगासाठी नसावा' एवढंच म्हटलं तर प्रत्येक जण म्हणणार, माझी जिम आवडीसाठीच आहे. 'उपयोग नसावा' म्हटलं की थांबून विचार करावा लागतो. ब्रेव्हेवाले, ट्रेनरवाले, सगळ्यांनी निदान एक गोष्ट त्या कडक अटीत बसणारी दाखवावी. तबलावाल्या दादांनी दाखवली, आऊट_काढणारा दादांच्या भिंतीवरची दोन चाकंही बसतात.

घरी_असणारी

नवऱ्याला हा प्रश्न आत्ता जेवताना विचारला. बराच वेळ विचार करून म्हणाला, लहानपणी डोंबिवलीला पतंग उडवायचो. मांजा घरी करायचे, शिरस आणि काचेची पूड घालून. मुलगी लगेच म्हणाली, मला शिकव. काचेचा मांजा पक्ष्यांना कापतो म्हणून साध्या दोऱ्यावर ठरलंय. संक्रांतीच्या आठवड्यात त्याची ३०० ची ब्रेव्हे आहे, तिचं काय करायचं यावर सध्या दोघांची बोलणी चालू आहेत.