पंखा लावला की फोनो प्रीअँपचा डीसी ऑफसेट सरकतो

तबकडीवेडी: रेकॉर्ड प्लेयरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजसाठी (सुई बसते तो भाग) फोनो प्रीअँप बांधलाय, म्हणजे तिचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट. १ किलोहर्ट्झला गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) ४० डीबी, म्हणजे १०० पट. इनपुट शॉर्ट करून आउटपुटचा डीसी ऑफसेट, म्हणजे सिग्नल नसतानाही उरणारं स्थिर व्होल्टेज, मोजला: पंखा बंद असताना ३ मिलिव्होल्ट, टेबलफॅन लावला की मिनिटभरात ११. बंद केला की हळूहळू परत ३. सगळे जोड दोनदा पुन्हा सोल्डर केले, काही फरक नाही. गेन १०० पट धरला तर इनपुटला ८० मायक्रोव्होल्टचा फरक झाला. एवढा कुठून आला? ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप) जुना, धातूच्या गोल डबीतला, थेट बोर्डावर.

सर्किटवाला: सप्लाय हलतोय का बघा.

तबकडीवेडी: बघितला. अधिक-उणे १५ दोन्ही जागच्या जागी आहेत.

मापनकाका: आधी हिशेब. आरआयएएमध्ये (रेकॉर्ड वाजवताना लावायची ठरलेली टोन-दुरुस्ती) खालच्या फ्रिक्वेन्सीला गेन वाढतो. फीडबॅकच्या ग्राउंडकडच्या फांदीत कपॅसिटर नसेल, तर डीसीला तो साधारण ६० डीबी, म्हणजे १००० पट. मग इनपुटला फक्त ८ मायक्रोव्होल्ट उरतात.

तेवढे त्या डबीच्या पायांतूनच येऊ शकतात. पाय कोवार या मिश्रधातूचे, ट्रॅक तांब्याचा. दोन वेगळे धातू जोडले की तो जोड तापमानाप्रमाणे व्होल्टेज देतो; या जोडीला अंशामागे ३५ ते ४० मायक्रोव्होल्ट मिळतात. पाय २ आणि ३ (ऑपअँपचे दोन इनपुट) सारखे गरम असले तर दोन्हीकडचे व्होल्टेज एकमेकांना खातात. वारा एका बाजूने लागला की ०.२ अंशाचा फरक पुरतो. तांबं आणि साधं सोल्डर यांचे अंशामागे १ ते ३ मायक्रोव्होल्टच, म्हणून तुमची मेहनत दिसली नाही.

मापन प्रयोगशाळेत मी २२ वर्षं काढली. टर्मिनलला हात लागला की १५ मिनिटं थांबल्याशिवाय आकडा लिहायचो नाही.

ऑपअँपचा स्वतःचा ड्रिफ्टही (तापमानाने ऑफसेट सरकणं) असतो, तो वेगळा ओळखायला हवा. सोल्डरिंग आयर्नचं टोक न टेकवता आधी पाय ३ जवळ धरा, मग २ जवळ. आकडा उलट दिशेला गेला तर जोडच.

तबकडीवेडी: केलं काका! ३ जवळ धरल्यावर ९ झाला, २ जवळ उणे ४. कापूस झाकला तर पंख्यातही ३ वर स्थिर. गाण्यात ऐकू येईल का हे?

मापनकाका: नाही. हे सेकंदांनी सरकतं, गाणं २० हर्ट्झच्या वर असतं. पण पुढचा पॉवर अँप डीसीपर्यंत जात असेल तर मध्ये कपॅसिटर हवाच. कापूस काढा आणि छोटं झाकण बसवा. पुढच्या बोर्डावर पाय २ आणि ३ तापणाऱ्या रेग्युलेटरपासून (सप्लाय स्थिर ठेवणारी चिप) सारख्या अंतरावर ठेवा.