मदत हवी आहे : वडिलांचे डोळे आले आहेत की बुबुळाला इजा झाली आहे?

माझे वडील (वय 62) दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग पाहतात. परवा छाटणी करताना त्यांच्या उजव्या डोळ्याला काडीचा फटका बसला आणि कालपासून तो डोळा लाल होऊन ठणकतो आहे. शेजारी साथ असल्यामुळे घरात सर्वांचे ठाम मत ‘डोळे आले’ असेच आहे. मला ते पटत नाही. डोळे येतात तेव्हा चुरचुर होते, पाणी किंवा चिकट घाण येते, सकाळी पापण्या चिकटतात, पण नजर बहुधा स्वच्छ राहते. ॲलर्जीत खाज सर्वांत अधिक असते. येथे मात्र खाज नाही, घाण नाही, लाली बुबुळाच्या कडेने गडद आहे, उजेड सोसत नाही आणि धूसर दिसते. मेडिकलमधून मिळालेले थेंब स्टेरॉइडचे निघाले, म्हणून मी ते घातले नाहीत, कारण काडीकचऱ्याच्या जखमेत बुरशीचा संसर्ग झाल्यास स्टेरॉइडने तो बळावतो. आज रविवार असला तरी आम्ही नाशिकला निघत आहोत. बुबुळाची तपासणी करणारे नेत्रतज्ज्ञ आज कोठे भेटतील आणि पोहोचेपर्यंत डोळा न चोळण्याखेरीज कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.