आरोग्य केंद्राच्या रॅम्पवर आप्पांची व्हीलचेअर चढत नाही, कोणाला भेटायचं?

तापीकाठ_जळगाव
नमस्कार मंडळी, जळगाव जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, गावाचं नाव लिहीत नाही. आप्पांना मागच्या वर्षी लकवा मारला, उजवी बाजू गेली. बीपीच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं लागतं. तिथे रॅम्प आहे पण तीन पायऱ्यांच्या उंचीला जेमतेम सहा फुटाचा, एवढा उभा की मी आणि रिक्षावाला दोघं मिळून ढकलतो तरी खुर्ची मागे येते, आणि वर पोचलं की दाराला उंबरठा. मे महिन्यात लोखंडी रेलिंगला हात लावायची सोय नाही, चटका बसतो.

डॉक्टर मॅडम मनाने फार चांगल्या आहेत, बाहेर येऊन रिक्षातच बीपी मोजतात. पण आप्पांना पाठीला जखम झालीय, लघवीचाही त्रास आहे, ते चार लोकांसमोर रिक्षात कसं दाखवायचं आणि कसं सांगायचं? मागच्या खेपेला म्हणाले, "तू जाय, मी आठेच बसस," म्हणजे तू जा, मी इथेच बसतो. काही सांगितलंच नाही त्यांनी. मला रात्रभर झोप लागली नाही. तक्रार करून कोणाला त्रास द्यायचा नाहीये, फक्त आप्पांना आतल्या खोलीत तपासून मिळावं. काय करू?

बांधकामवाला_धुळे
भाऊ आधी टेप घेऊन मोजा. नियम १:१२ चा आहे, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी. तुमच्या तीन पायऱ्या ६-६ इंचाच्या धरल्या तर १८ इंच झाले, म्हणजे रॅम्प १८ फूट पाहिजे, आणि आहे ६ फूट. कोणीही ढकलो, चढणारच नाही. समोर जागा नसेल तर मध्ये सपाट ओटा देऊन वळवून घेता येतो. गुळगुळीत फरशी अजिबात नको, पावसात घसरते, खरबरीत कोबा करा आणि रेलिंग दोन्ही बाजूंनी. अजून एक, लोक विसरतात ते. गेटपासून रॅम्पपर्यंत पेव्हर ब्लॉक मागा, आपल्याकडची काळी माती जुलैत चाक गिळते, मग रॅम्प कितीही चांगला असला तरी तिथपर्यंत पोचणार कोण? आणि रॅम्पच्या तोंडाशी मोटारसायकली लावतात ते आजच बंद करता येईल, त्याला पैसे लागत नाहीत.

सातपुड्याची_लेक
मी तळोद्याकडची, लहानपणी पोलिओ झालेला, कॅलिपर लावून चालते. आमच्याकडे डोंगरी भाग म्हणून २०,००० लोकांमागे एक केंद्र धरतात, सपाटीवर ३०,०००, पण वरच्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात, तिथे रॅम्पचा प्रश्न फार नंतर येतो. तरीपण दादा, तुम्ही आतल्या खोलीचं बोललात ते मला फार लागलं. बाईमाणसाला तर अजून अवघड. तपासायचं टेबल एवढं उंच असतं की मला कोणीतरी काखेत धरून उचलून ठेवतं, अनोळखी माणूससुद्धा. अर्जात ठेंगणं टेबल आणि संडास दोन्ही लिहा, संडासात धरायला दांडी आणि खुर्ची आत वळेल एवढी जागा. आणि आशाताईंना सांगून ठेवा, जखमेकडे आत्ताच लक्ष द्यायला पाहिजे, अर्जाची वाट बघू नका.

माजी_सदस्य_ग्रामपंचायत
ताई बरोबर बोलल्या, जखम आधी. अर्जाचं सांगतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याच्या कलम २५ मध्ये दवाखान्याच्या सगळ्या भागांत अडथळ्याशिवाय जाता आलं पाहिजे आणि तपासणीला प्राधान्य मिळालं पाहिजे असं आहे. सगळ्या भागांत म्हणजे नुसतं दारापर्यंत नाही. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून ५ वर्षांत सुधारायच्या होत्या, नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. केंद्र जिल्हा परिषदेचं असतं म्हणून अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे द्या, प्रत तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, आणि विषय रोगी कल्याण समितीच्या बैठकीत घ्या म्हणून लिहा, छोटी दुरुस्ती तिथून होऊ शकते. आवकचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का? ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५% दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, आप्पांचं नाव त्या यादीत आहे का ते ग्रामसेवकाला विचारा.

तापीकाठ_जळगाव
सगळ्यांचे खूप आभार. सकाळी टेप लावला, उंची १९ इंच आणि रॅम्प सव्वासहा फूट निघाला. आशाताई काल संध्याकाळी घरी येऊन जखम बघून गेल्या, उद्या नर्सताई ड्रेसिंगला येणार आहेत. कार्ड काढलेलं नाही, कागद जमवतोय. अर्जात पहिलंच वाक्य खोलीचं लिहिलं, रॅम्प दुसऱ्या नंबरवर. आप्पांनी स्वतः डाव्या हाताने सही केली, अंगठा नको म्हणाले. सोमवारी देतो आणि शिक्का घेऊन येतो.